कार्तिकातली फरदड

सुभद्राबाई गावंडेचं तोंड फटकळ, हे अकोल्याच्या त्या जिनिंगमध्ये गेटवरच्या चौकीदारापासून शेठपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सव्वीस वर्षं झाली, बाई कापसाच्या ढिगावर बसून कचरा वेचते आहे. पण नुसती कचरा वेचणारी म्हणाल तर चुकाल. बोंडातला एक पुंजका उचलायचा, सरकीवरचा धागा अंगठ्यानं दोन्ही बाजूंना विंचरायचा, हलकी ओढ द्यायची आणि सांगून मोकळं व्हायचं: हा अव्वल, हा मध्यम, ही फरदड. शेठनं पगारी ग्रेडर ठेवला होता. तोही अडला की ढिगाकडे येऊन हळूच विचारायचा, "सुभद्राबाई, जरा पाहा बरं." बाई पाहायची, सांगायची, आणि वर दोन शब्द ऐकवायची ते वेगळे.

फरदड म्हणजे काय, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही कळतं. वेचण्या आटोपल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटायच्या ऐवजी पाणी देऊन तशीच उभी ठेवली, की माघ-फाल्गुनात उरलीसुरली, आखूड धाग्याची बोंडं फुटतात. ती फरदड. तिला भाव अर्धामुर्धा. हे तेवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा संताप या एका शब्दापायी झाला.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात अमरावतीच्या एका संस्थेतले पियुष सर जिनिंगमध्ये आले. त्यांनी एक यंत्र केलं होतं. ट्रेमध्ये मूठभर कापूस ठेवला की आतला कॅमेरा पाहणार आणि यंत्र प्रत सांगणार. पण आधी त्याला शिकवायला कोणीतरी हवं होतं. ग्रेडरनं इमानदारीनं बाईचं नाव सांगितलं. महिनाभर सुभद्राबाई एका खोलीत बसून मुठीमागून मूठ पाहत राहिली, आणि संस्थेतली हीना नावाची अकोल्याचीच मुलगी तिचा शब्द न शब्द संगणकात भरत राहिली.

तिसऱ्याच दिवशी बाईच्या लक्षात खोट आली. चांगला कापूस सगळा गोदामातून येत होता, खडखडीत कोरडा. ओला कापूस यायचा तो थेट शेतातून, आणि मार्चमध्ये शेतात फरदडीशिवाय असणार काय?

"सर, तुमचं हे पोट्टं एकांगी शिकून राह्यलं," ती म्हणाली. "चांगला कापूस याले तुमी कोरडाच दाखवला. ओला दाखवला तो सारा फरदड. मंग हे ओल्याले फरदडच म्हनन. दिवाळीत या. दवात भिजलेला पह्यल्या वेचणीचा कापूस दाखवा याले."

"मावशी, प्रोजेक्ट मार्चअखेर संपतो," पियुष सर हसून म्हणाले. "कॉम्प्युटर हुशार असतो, तो समजून घेईल."

घ्या. इतक्या वर्षांच्या बोटांना जे कळलं, ते पेटी आपोआप समजून घेणार होती.

शेवटच्या दिवशी त्यांनी तिचा आवाजही घेतला. यंत्र गावच्या बोलीत बोललं पाहिजे, अशी त्यांची हौस. त्या दिवशी बाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली, तेव्हा शेजारच्या ढिगावरची कुलसुमबी हसून हसून आडवी झाली. "अगे, आवाजाले लुगडं दिसते का?" सुभद्राबाईनं तिकडे लक्ष दिलं नाही. माइकसमोर बसून तिनं चारच गोष्टी म्हटल्या: राम राम भाऊ. अव्वल. मध्यम. फरदड. कागदावर सही केली आणि पेढे वाटत घरी गेली. खोटं कशाला बोला, तिला अभिमान वाटला होता.

यंदा दसऱ्याच्या सुमारास ते यंत्र जिनिंगच्या गेटवर बसलं. त्याच दिवसांत हिवरखेडहून तिचा धाकटा भाऊ गोपाल तिला न्यायला आला. वेचणी सुरू करण्याआधी सीतादही करायची असते, पऱ्हाटीची पूजा करून दहीभात शिंपायचा असतो, आणि गोपालचा हट्ट की यंदा मोठ्या बहिणीचा हात लागला पाहिजे. सुभद्राबाई गेली. दहीभात शिंपला, हळदकुंकू वाहिलं, आणि पहिली सात बोंडं स्वतःच्या हातानं वेचून भावाच्या कमरेच्या झोळीत टाकली. कापूस असा फुटला होता की पाहत राहावं.

कार्तिकात गोपाल तोच कापूस ट्रॅक्टरमध्ये भरून जिनिंगवर आला. गेटवर रांग. रात्रभर ट्रॅक्टर उघड्यावर उभा राहिला आणि दवानं वरचा थर चिंब झाला. सकाळी शेठच्या माणसानं वरचीच मूठ उचलून ट्रेमध्ये ठेवली. चाळीस कास्तकारांसमोर यंत्र सुभद्राबाईच्या आवाजात बोललं, "राम राम भाऊ. फरदड."

कार्तिकात फरदड. माघाआधी फरदड आजवर कोणाच्या बापानं पाहिली नाही. पण यंत्राला महिना कळत नाही, आणि ज्याला कळत होता त्या शेठच्या माणसाला तो कळून घ्यायचा नव्हता. ग्रेडरला तर दिवाळीआधीच घरी बसवलं होतं. सुभद्राबाई ढिगावरून उठून धावत आली. "अहो, ओला हाय तो. ओलाव्याची कटती घ्या, पन त्याची जात काहून काढता?"

"आम्ही कुठं काही म्हटलं, बाई?" तो माणूस दात काढून म्हणाला. "तुम्हीच म्हटलं."

चाळीस माणसं हसली. गोपाल मात्र हसला नाही. "ताई, तुह्याच हातानं वेचला होता न," एवढंच बोलला. शेठनं सांगितलेल्या भावात माल टाकला आणि ट्रॅक्टर वळवला. त्यानंतर त्यानं फोन उचलणं सोडलं. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं, प्रतीक्षाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. सख्ख्या आत्याला निरोप नाही. पाटावर बसलेल्या भाचीचा फोटो तिला दुसऱ्याच कोणाच्या मोबाइलवर पाहायला मिळाला.

आणि गेटवर तिचा आवाज सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुरूच. ती ढिगावर बसायची, आणि तिकडून तीच बोलायची. कानात बोळे घातले तरी ऐकू यायचं. गावाकडची माणसं तिला पाहून थुंकायची. तिनं शेठला सांगून पाहिलं, पियुष सरांना दहा फोन केले. ते म्हणाले, "मावशी, आवाज आता सिस्टीमचा भाग आहे, आणि तुम्ही सही केली आहे." बाईनं त्या रात्री चूल पेटवली नाही.

अशात पौषात निमंत्रण आलं. अमरावतीला विज्ञान, तंत्रज्ञान आणि कला यांतल्या कामगिरीचा आंतरराष्ट्रीय सन्मान सोहळा. सात देशांचे पाहुणे. त्यात पियुष सरांच्या यंत्राला पुरस्कार, का तर यंत्रात विज्ञान आहे आणि आवाजात लोककला आहे. सुभद्राबाईनं मंचावर यायचं, नमस्कार करायचा आणि शाल घ्यायची.

"जाऊ नोको," कुलसुमबी म्हणाली. "तमाशा करतील तुझा."

"शालीच्या नावानं चांगभलं," सुभद्राबाई म्हणाली. "मले माहा आवाज परत आनाचा हाय. तू चालतं का बोल."

दोघी आदल्या दिवशी गाडीनं बडनेऱ्याला उतरल्या. तिथं कुलसुमबीचा जावई कुर्बान याचं गावालगत वावर. पहाटे धुक्यात सुभद्राबाईनं स्वतः मूठभर कापूस वेचला, दवासकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, आणि पदराखाली घेऊन ऑटोत बसली.

सभागृह काय वर्णावं. गालिचे, फुलं, थंडगार हवा, आणि माणसागणिक एक प्रशस्तिपत्र. कोणी अवकाशातलं काही शोधलं होतं, कोणी काचेची शिल्पं केली होती, कोणाच्या नाचाला विज्ञानाचा आधार होता. टाळ्यांना खंड नव्हता. बारा वाजता पियुष सरांचं नाव पुकारलं. निवेदिका म्हणाली, "मातीचा आवाज, ज्यांनी यंत्राला वाणी दिली त्या सुभद्राताई." परदेशी पाहुण्यांना सगळं इंग्रजीत सांगायला माइकवर हीना उभी होती. तीच, दोन वर्षांपूर्वी शब्द भरणारी.

सरांनी काचेच्या डबीतला कापूस ट्रेमध्ये ठेवला. यंत्र म्हणालं, "राम राम भाऊ. अव्वल." टाळ्या. मग सर मागं वळले तोवर सुभद्राबाईनं तो कापूस उचलून बाजूला केला आणि आपल्या पिशवीतला ओला ठेवला.

"राम राम भाऊ. फरदड."

लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. पुन्हा टाळ्या. सुभद्राबाईनं निवेदिकेच्या हातातला माइक घेतला.

"टाळ्या नोका वाजवू," ती म्हणाली. "हे खोटं बोलून राह्यलं. अन् माह्या तोंडानं बोलून राह्यलं."

"मावशी, नंतर बोलू," सर पुटपुटले.

"नंतर तुमी फोन उचलत नाही."

पहिल्या रांगेत परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष बसल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या परदेशी बाई. त्यांनी हीनाला खुणेनं विचारलं, ही काय म्हणते आहे? हीनानं सरांकडे पाहिलं. सरांनी डोळ्यांनीच सांगितलं, आभार मानते आहे म्हण. पोरीची नोकरी या सरांच्या हाती. पण त्या महिनाभरात तिनं रोज दुपारी सुभद्राबाईच्या डब्यातली भाकर खाल्ली होती. तिनं माइक तोंडाशी नेला आणि जे बोललं गेलं होतं तेच इंग्रजीत सांगितलं.

सुभद्राबाईनं ट्रेमधला तोच कापूस उचलला. मंचाच्या कडेला मोठा दिवा तापला होता, त्याच्यापुढं उभी राहिली. एकेक पुंजका मोकळा केला, बोटांनी पिंजत गेली, उलटसुलट करत राहिली. पाच मिनिटं गेली, सात गेली. निवेदिका घड्याळाकडे पाहत होती, कोणीतरी खोकलं, पण कोणाची तिला थांबवायची छाती झाली नाही. कापूस फुलून आला तसा तिनं तो परत ट्रेमध्ये ठेवला.

"राम राम भाऊ. अव्वल."

"कापूस तोच, बाई तीच," सुभद्राबाई अध्यक्षांकडे पाहून म्हणाली. "आता तुमी सांगा, मी तवा खोटी का आता खोटी? माह्या सख्ख्या भावाच्या सीतादहीच्या कापसाले यानं माह्या आवाजात फरदड म्हटलं. भाऊ तुटला माह्यापासून. मी सरांले मार्चातच सांगतलं होतं. हे पोरगी साक्षीले हाय."

हीना हे सगळं सांगत गेली आणि शेवटी स्वतःहून म्हणाली, "हो, मी होते."

मग काय झालं म्हणता? मंचावरच्या लोकांनी दोन मिनिटं कुजबुज केली आणि पुरस्कार द्यायचा तो दिलाच. निर्णय आधी झालेला, नाव कोरलेलं, पाहुण्यांची विमानं ठरलेली. उणिवा दूर केल्या जातील असं जाहीर झालं, आणि काचशिल्पवाल्याचं नाव पुकारलं गेलं. शाल घेऊन आलेल्या मुलीला सुभद्राबाईनं हातानंच परत पाठवलं. बाहेर पायरीवर पियुष सर पांढऱ्याफटक चेहऱ्यानं आले. "मावशी, आठ दिवसांत तुमचा आवाज काढतो. शब्द देतो."

"काढा," ती म्हणाली. "मले दुसरं काही नोको."

कोणीतरी ते सगळं मोबाइलवर टिपलं होतं, आणि ती अकोल्याला पोचायच्या आत ते हिवरखेडला पोचलं. रात्री गोपालचा फोन आला. "ताई," म्हणाला आणि फोन प्रतीक्षाच्या हाती दिला. बाई पहिल्यांदा त्या दिवशी रडली.

सर शब्दाला जागले. आठव्या दिवशी संस्थेचा माणूस येऊन आवाज बदलून गेला. संक्रांत झाल्यावर गोपाल तिसऱ्या वेचणीचा कापूस घेऊन आला, तो पुन्हा रात्रभर रांगेत फाटक्या ताडपत्रीखाली भिजला, आणि सकाळी सुभद्राबाई ढिगावरून उठून हसतमुखानं भावापाशी येऊन उभी राहिली. मूठ ट्रेमध्ये गेली.

"नमस्कार," यंत्र म्हणालं. कोण्या शिकल्यासवरल्या बाईचा गोड, शुद्ध आवाज. "फरदड."

गोपालनं खांदे पाडले. "जाऊ दे, ताई. आता तुहा आवाज त नाही न त्याच्यात."

सुभद्राबाईच्या अंगाची लाही लाही झाली, आणि या वेळी राग स्वतःवरच होता. सात देशांच्या माणसांसमोर माइक हातात असताना आपण मागितलं काय, तर आपला आवाज. आपलं नाक सोडवून घेतलं आणि कापूस तिथंच ठेवून आलो. त्यांनीही झटकन दिलं. तेवढंच तर द्यायला सोपं होतं.

ती ट्रॅक्टरवर चढली. ताडपत्री ओढून काढली, वजनकाट्यासमोर, अगदी गेटच्या तोंडाशी अंथरली, आणि वरचा ओला कापूस ओंजळीनं खाली लोटू लागली. गोपालला कळेना. कुलसुमबीला कळलं. ती आतून आली आणि दुसऱ्या टोकाला कापूस पसरू लागली.

शेठ स्वतः बाहेर आले. "बाई, रस्ता अडला. नोकरी करायची आहे ना?"

"ऊन पडलं हाय, शेठ. दोन घंट्यात सुकते," सुभद्राबाई ताडपत्रीच्या मधोमध बसत म्हणाली. "मंग ठेवा तुमच्या पेटीत. तोवर इथून कोनाचंच माप व्हनार नाही."

मागच्या ट्रॅक्टरवाला खाली उतरला आणि आपल्या ताडपत्रीची दोरी सोडू लागला.