चाकोरीबाहेरच्या माणसांचा सत्कार

आमच्या वाचनालयाचा ‘चाकोरीबाहेर’ पुरस्कार दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता दिला जातो. मानपत्र मी लिहितो, कारण मी निवृत्त आहे आणि मानधन मागत नाही. मजकूर फारसा बदलत नाही, नाव बदलते.

यंदा निवड झाली मखमलाबादकडे झेंडू पिकवणाऱ्या एका बाईंची. एका वर्षी त्यांची तोडलेली फुले पावसात क्रेटमध्येच सडली. मग गेल्या दसऱ्याला त्यांनी फुले न तोडता पिशव्यांत वाढवलेली थोडी झाडेच बाजारात नेली. ती खपली, म्हणून यंदा सगळा झेंडू पिशव्यांत.

मानपत्रासाठी माहिती घ्यायला गेलो, तेव्हा त्या झाडांना पाणी घालत होत्या.

“चाकोरी सोडली म्हणून सत्कार? नवलच हाय, सर.” त्यांचे वडील घोटीला भाताची बैलगाडी न्यायचे. “चिखलात चाकोरी सोडली का चाक रुतलंच समजा. बाप म्हणायचा, पुढची गाडी अडकली तरच बाहेर काढायची. हौसेनं कोण काढतं?”

आयुष्यभर मी हा शब्द कौतुकासाठी वापरला. ज्यांना बुद्धी कमी ते चाकोरीत राहतात, अशी आम्हा शिकलेल्यांची समजूत. गाडीवानाला विचारावे, असे कोणाला सुचले नव्हते.

मग त्यांनी तारीख विचारली.

“आदल्या दिवशी? सर, बाजार तर त्याच दिवशी! सगळं शेत पिशव्यांत हाय. एकादशीला कोण घेणार झेंडू?”

कार्यक्रम आठवडाभर पुढे न्यावा, असे मी समितीत सुचवले.

“इतक्या वर्षांचा पायंडा आहे, असा कसा मोडायचा?” अध्यक्ष म्हणाले.

“आज यांच्यासाठी बदलला, तर उद्या कोणीही उठेल,” चिटणीसांनी पुस्ती जोडली. कोणी हसले नाही.

सत्कार रिकाम्या खुर्चीचा झाला. भाषणे पूर्ण झाली. शाल, नारळ आणि मानपत्र पोचवायचे काम माझ्याकडे आले. पंचवटीच्या फुलबाजारात पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि त्यांच्यापुढे अजून चाळीसेक झाडे होती.

“मानपत्र वाचून दाखवू?”

“वाचा की. पण जरा बाजूला सरून, गिऱ्हाईक अडतंय.”

“मावशी, शाल इकडं द्या, ढिगावर टाकतो. माल सुकतोय!” शेजारचा फुलवाला म्हणाला. “आन् ह्या पिशव्या कुठनं आणल्या, तेबी सांगा.”

“आता सुचलं होय तुला? कालपर्यंत तर हसत व्हतास.”

मानपत्र काखेत धरून मी झाडे उचलून देऊ लागलो. एका गृहस्थांनी मला भाव कमी करायला सांगितले. मी नाही म्हणालो. दिवेलागणीला चार झाडे उरली.

“पुढल्या साली ही आख्खी ओळ झाडंच घेऊन बसंल बघा,” बाई म्हणाल्या.

“मग तुम्ही काय आणाल?”

“आधी ही चार जाऊ द्या, सर.”