नागलीचा टोस्ट आणि बुडवणारी माणसं

१८ सप्टेंबर. संध्याकाळी पाच वाजता ट्रे खरवडायला घेतले. टोस्टचे ट्रे त्याच दिवशी साफ केले नाहीत तर कडेला साखर आणि तूप मिळून काळा थर बसतो आणि पुढच्या घाण्याला खालून जळका वास येतो. हातात उलथनं, समोर चार ट्रे आणि डोक्यात राग. रागात ट्रे चांगले निघतात.

टोस्ट कसा खावा याबद्दल माझं मत पक्कं आहे. टोस्ट कोरडा खावा. कोपऱ्यापासून सुरुवात करावी, दातांनी तोडावा, नीट चावावा आणि संपल्यावर चहा प्यावा. जी वस्तू दोनदा भाजून, तिच्यातला शेवटचा ओलावा काढून कडक केली, ती पुन्हा ओली करायची तर भाजली कशाला? पाव खा की. स्वस्त पडेल.

पण हे कुणाला पटत नाही. आमचे हे माध्यमिक शाळेत गणित शिकवतात आणि बुडवलेला टोस्ट तोंडापर्यंत किती वेळात न्यायचा हे गणित त्यांना पंचवीस वर्षांत सुटलेलं नाही. अर्धा टोस्ट कपात पडतो, शर्टावर डाग उडतात, मग हाक येते, "अगं, चमचा दे." कपाच्या तळाशी बसलेला लगदा चमच्याने खाताना वर मलाच सांगतात, "खरी मजा यातच आहे." माझी नणंद बशीत चहा ओतते, त्यात टोस्ट आडवा झोपवते, मधेच त्याची कूस बदलते आणि तो टम्म फुगला की दोन बोटांनी उचलून गिळते. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत बाईचे. मी ज्या शाळेत लिपिक आहे तिथे एक सर आहेत, ते स्वतःचा चहा गढूळ होऊ नये म्हणून शेजारच्याच्या कपात टोस्ट बुडवतात. पोरांना स्वच्छतेवर भाषण तेच देतात.

तर असल्या माणसांसाठी मी टोस्ट करायला लागले.

जव्हारात आम्ही काही बायकांनी बचत गट केला, तेव्हा कागदपत्रं जमतात म्हणून मला अध्यक्ष केलं. योजनेतून ओव्हन आला. आधी नानकटाई केली, मग खारी केली, ती फसली, मग नागलीचा, म्हणजे नाचणीचा, टोस्ट घेतला. बाजारात नागलीचा म्हणून जो टोस्ट मिळतो त्यात मूठभर नागली असते आणि बाकी मैदा. रंग गुळाचा. घेणारे खुश, कारण पाकिटावर कणसाचं चित्र असतं. मी ठरवलं, आपल्या टोस्टमध्ये निम्मी नागली असेल. चित्र नसलं तरी चालेल.

गटात सगळ्यात भरभर हात चालायचा तो वांगणी गावच्या बाईचा. आम्ही तिला वांगणीची असंच म्हणतो. आठवडाभर ती जव्हारात मावशीकडे राहायची आणि सुट्टीला गावी जायची. घरी ती त्यांची बोली बोलते आणि माझ्याशी शाळेतलं मराठी, जरा जपून, धुतलेले कपडे घातल्यासारखं. दरवर्षी भात कापून झालं की नवरा-बायको भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. मुलगीही बरोबर जाते, म्हणजे शाळा बंद. यंदा मुलगी सातवीत गेली आणि वांगणीचीने ठरवलं की भट्टीवर जायचं नाही. पण इथे रोजचं काम हवं. मुकादम रविवारी येऊन नावं लिहून घेणार होता. तोपर्यंत काम ठरलं नाही तर नाव द्यावंच लागणार होतं.

काम एकच दिसत होतं. खोडाळ्याला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. तिथे सकाळच्या चहाबरोबर टोस्ट द्यायचा विचार चालू होता. ते ठरलं की वर्षभर रोज ओव्हन पेटणार आणि ओव्हनवर वांगणीची असणार, हे गटात आधीच ठरलं होतं.

म्हणून मी दोन महिने टोस्टच्या परीक्षा घेतल्या. डबा जीपच्या टपावर बांधून मोखाड्याला नेऊन आणला. चार तुकडे मोडले, मग कागदाचे थर वाढवले. पावसाळ्यात, भिंतींनासुद्धा बुरशी येते तेव्हा, तीन आठवडे डबा बंद ठेवला. पायरीवरून डबा पाडला. नागली चाळून, पुन्हा चाळून दाताखाली कचकच लागत नाही ना ते बघितलं. प्रत्येक घाण्यातला पहिला टोस्ट मी स्वतः खाल्ला. कोरडा.

तर १८ तारखेला सकाळी मी आणि वांगणीची डबे मांडीवर घेऊन जीपने खोडाळ्याला गेलो. वसतिगृहाच्या व्हरांड्यात संस्थेचे अध्यक्ष बसले होते, निवृत्त मुख्याध्यापक, आणि बाजूला वसतिगृहाच्या अधीक्षिका. अध्यक्षांनी टोस्ट हातात घेतला, उलटा केला, नखाने वाजवला.

"वा मॅडम. रंग झकास. नागली दिसतेय."

"निम्मी आहे," मी म्हटलं.

चहा आला. अध्यक्षांनी टोस्ट कपात घातला. एक शब्द बोलतील न बोलतील एवढ्यात बोटांत नुसता कोपरा उरला. त्यांनी कपात वाकून पाहिलं.

"मॅडम, टोस्ट गेला कुठे?"

अधीक्षिकांनी घाई केली, नुसता टेकवून उचलला. तो कप आणि तोंड यांच्या मधोमध त्यांच्या पदरावर पडला. "माझा निघाला होता सर, पोचला नाही," त्या म्हणाल्या. मग दोघं हसायला लागले. स्वयंपाकघराच्या दारातली बाईही हसली. "सर, एकदमच पातेल्यात टाकू या सगळे. मुलींना नागलीची पेज होईल."

"कोरडा खाऊन बघा," मी म्हटलं.

"मॅडम," अध्यक्ष हसू आवरत म्हणाले, "ऐंशी मुली भल्या सकाळी उठून थंडीत कोरडा टोस्ट चावणार आहेत का? चव चांगली आहे हो. पण हा टोस्ट प्यावा लागतोय."

अधीक्षिका जरा व्यवहारी निघाल्या. "ताई, आमच्या मुली बुडवणारच. परवा समितीची बैठक आहे, आणि टोस्ट पुरवू म्हणून एका बेकरीचं पत्र आलंय. जमलं तर उद्या सकाळी मुलींच्या चहाला दुसरा करून आणा. बुडून बाहेर आला तर सर हो म्हणतील. काय सर?"

"बाहेर येऊ दे तर खरा," सर म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये मी मनातल्या मनात बोलत होते. आयुष्यभर पोरांना शिस्त लावलेला माणूस, आणि टोस्ट खायची ही तऱ्हा.

त्या रागात मी ट्रे खरवडत होते. वांगणीची समोर बसून डबे पुसत होती.

"बघितलीस ना माणसं?" मी म्हटलं. "दात दिलेत देवाने, तर ते काय फोटोला?"

ती डबा पुसत राहिली. मग म्हणाली, "बाई, मला ठाव होतं."

"काय ठाव होतं?"

"विरघळतो ते. पहिल्या घाण्याचा घरी नेला होता. चहात टाकला, तर पोर म्हणते, आई, टोस्ट कुठे गेला?"

"दोन महिने! आणि बोलली नाहीस?"

"तुम्हीच बोलल्या ना पहिल्या दिवशी. बुडवून खातो त्याला चवीतलं काही कळत नाही. सगळ्यांसमोर बोलल्या. मग मी काय बोलू? मला चवीतलं कळत नाही."

"अगं, पण तुझंच काम आहे हे. तुझ्या मुलीची शाळा आहे."

"मला वाटलं, शिकलेली माणसं कोरडाच खात असतील. तुमच्यासारखी." आणि मग डब्यात बघत, "आज बघितलं. शिकलेली पण बुडवतात."

मी उलथनं खाली ठेवलं. रागवायला आता एकच माणूस शिल्लक होतं आणि ते मी होते. दोन महिने मी टोस्ट टपावरून नेला, पायरीवरून पाडला, फक्त एका कप चहात घालून बघितला नाही, कारण तसं खाणं मला आवडत नाही. शिवाय जिने घालून बघितला होता तिचं तोंडही मीच बंद केलं. मला सगळं कळतं असा माझा जो समज आहे त्याच्यापुढे नणंदेची बशी बरी.

पण हळहळत बसायला वेळ नव्हता. "उपाय काय?" मी विचारलं.

आता ती सरसावून बसली. "तुम्ही नागलीची भाकरी कशी करता?"

"कढत पाण्यात पीठ मळून."

"मग? थंड पाण्यात मळली तर थापताना तुटते. आणि टोस्टला नागली थंड पाण्यात का?"

कारण प्रशिक्षणात मिळालेल्या कागदावर तसं लिहिलं होतं आणि तो कागद मी भिंतीला चिकटवला होता. हे मी तिला सांगितलं नाही. पाणी ठेवलं. तिने उकळत्या पाण्यात नागलीचं पीठ टाकलं, लाटण्याने घोटून उकड काढली, झाकली, परातीत पसरून गार केली. मैदा आणि यीस्ट मी वेगळं मळून ठेवलं होतं, त्यात ती उकड मिसळली. नागली थोडी कमी करायचं ती म्हणाली. मी नाही म्हटलं, मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हो म्हटलं. पाव भाजून त्याचे काप जाड केले. दुसरी भाजणी मंद आचेवर. पहिला ट्रे निवला तेव्हा तिने न विचारता त्याच खोलीत चहा टाकला, जिथे चहा आणायला मी बंदी केली होती.

मी टोस्ट बुडवला. दहा आकडे मोजले. बाहेर आला. ओला, सुजलेला, ओंगळ, पण सबंध. खाल्ला. ओलं गोणपाट चावल्यासारखा लागला.

"कसा आहे?" तिने विचारलं.

"भिकार."

"म्हणजे चांगला," ती म्हणाली आणि दोन टोस्ट मोडून आपल्या ग्लासात टाकले.

दुसऱ्या दिवशी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पहिल्या जीपने एकटीच खोडाळ्याला गेले. वांगणीचीला ओव्हनपाशी ठेवलं. वसतिगृहात मुली ताटल्या-पेले घेऊन ओळीने बसल्या होत्या. मी स्वतः टोस्ट वाढले. कुणीही कोरडा खाल्ला नाही. एकीने बुडवला, काढला, पुन्हा बुडवला, शेजारणीला दाखवला, वर धरून चहा निथळू दिला, आणि टोस्ट तिच्या हातातच राहिला. बघवत नव्हतं. मी शेवटपर्यंत बघितलं. अध्यक्षांनी उभ्याउभ्या एक खाल्ला, दुसरा घेतला आणि म्हणाले, "सोमवारपासून पाठवा. बैठकीत मी सांगतो." मी म्हटलं, "कागदावर द्या." त्यांनी अधीक्षिकांकडून कागद मागवला आणि लिहून दिलं. कागद पर्समध्ये ठेवून मी व्हरांड्यातूनच वांगणीचीला फोन लावला आणि सांगितलं, नवऱ्याला निरोप धाड, मुकादमाला नाव द्यायचं नाही. आणि नागली दळायला टाक, मी दहाच्या जीपने येते.