अकरा नंबर आत

आज खालापूरला नोकरीच्या मुलाखतीसाठी बाकावर बसले होते. समोर कुणीतरी मैदान आखत होतं. ओल्या फक्कीचा वास आला आणि कर्जतचा खो-खोचा सामना आठवला. मी नववीत होते. इंग्रजी शाळेतली, अक्षर चांगलं, म्हणून सरांनी मला गुणलेखकाच्या टेबलावर बसवलं होतं. पळणाऱ्या मुलींचा क्रम माझ्या कागदावर होता. कुणी बदलली तर ते लिहून मोठ्याने पुकारायचं, हेही माझंच काम. कडावच्या संघातल्या सहा नंबरच्या मुलीचा पाय मुरगळला. त्यांच्या कर्णधार मुलीने येऊन बदली सांगितली. मी सहा नंबर खोडून अकरा लिहिला, पण पुकारायचा धीर झाला नाही. अकरा नंबरचा तो पहिलाच सामना. ती आत येताच समोरच्या संघाची कर्णधार ओरडली, "पंच, हिचा नंबर कुठं पुकारला? बाद करा हिला!" पंचांनी अकरा नंबरला बाहेर जायची खूण केली. ती जागची हलेना, नुसती माझ्याकडे बघत राहिली. कडावची कर्णधार टेबलाशी धावत आली. "लिवलंस ना तू? मग बोल की गं! तोंड हाय ना तुला?" मी उभी राहिले. "चूक माझी आहे. सहा नंबर बाहेर, अकरा नंबर आत." कुणालाच ऐकू गेलं नाही. मग मी इतक्या जोरात ओरडले की सगळं मैदान माझ्याकडे बघू लागलं. पंचांनी कागद पाहिला, मान हलवली, आणि अकरा नंबर हसत पळायला लागली. सामना कोण जिंकलं ते आता आठवत नाही. एवढ्यात आतून शिपायाने माझं नाव पुकारलं, आणि मी बाकावरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आले."