डावा बूट कड्यावर

हसणार असाल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना शेजारच्या काकांनी नव्याकोऱ्या शर्टावर चहा सांडला आणि काकू अजून मलाच बोलतात.

तर मला बाबांना घेऊन फिरायला जायचं होतं. बाबा परभणीला, वय अठ्ठ्याहत्तर, पोस्टातून रिटायर झालेले. मी इथे अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये. लहानपणी दर दुसऱ्या रविवारी बाबा मला एसटीने कुठल्या तरी गावाबाहेरच्या पडक्या हेमाडपंती देवळात न्यायचे. जिथे पुजारीसुद्धा फिरकत नाही, तिथे आम्ही दोघं! खांबांवरची नक्षी बाबांच्या खिशातल्या भिंगातून बघायची, थंडगार दगडाला पाठ टेकून दशम्या खायच्या आणि शेवटच्या गाडीने परत. एकदा फोनवर बाबा म्हणाले, "ती देवळं एकदा परत बघायची राहिलीत रे. आपण दोघंच जाऊ."

बाबा कधी काही मागत नाहीत हो. मी लगेच डिसेंबरची तिकिटं बघायला बसलो. बायकोने, म्हणजे मृणालने, माझा लॅपटॉप मिटला.

"तू नेणार? बायपास झालेल्या माणसाला? अरे, तू मॉलच्या पार्किंगमध्ये हरवतोस!"

"एकदाच हरवलो होतो."

"अनाउन्समेंट करावी लागली होती, केदार."

शेवटी तह झाला. मी एक दिवस एकट्याने कुठेतरी जाऊन दाखवायचं. त्या दिवसात माझ्यापायी घरी एकही फोन यायचा नाही, ना माझा, ना दुसऱ्या कुणाचा. जमलं तर डिसेंबरात बाबा आणि मी. नाही जमलं तर सगळ्यांची मिळून एसी बस, गाइड, बफे. म्हणजे बाबांची देवळं राहिलीच!

मी न्यू मेक्सिकोतलं एक प्राचीन मंदिर निवडलं. अमेरिकेत कसलं आलंय प्राचीन मंदिर, असंच म्हणताय ना? अहो, आहे! तिथल्या मूळच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी कड्याच्या टोकावर बांधलेलं. छप्पर नाही, मूर्ती नाही, नुसत्या रचलेल्या दगडी भिंती आणि गोल गोल खोल्या. विमान, मग भाड्याची गाडी, मग पाठीला सॅक लावून तासभर चढ. पायवाटेच्या सुरुवातीला एक वही होती. नाव लिहिलं, किती जण तर एक, आणि घरचा फोन नंबर. त्या दिवशी तेवढीच काय ती अक्कल दाखवली, आणि तीच नडली.

दारात पोचलो आणि पाय आपोआप थांबले. देवळात बूट घालून जायचं? देव कुठला का असेना! काढले.

इथवर ठीक होतं. पण एका जत्रेत बाबांच्या नव्या कोल्हापुरी चपला चोरीला गेल्या होत्या. मे महिन्यात, तापल्या डांबरावरून, अनवाणी स्टँडपर्यंत आले बिचारे. तेव्हापासून आमच्या घराचा नियम झाला: चोराला जोड लागतो, म्हणून एक चप्पल इथे ठेवायची आणि दुसरी लांब तिथे. चाळीस वर्षं मी हेच करत आलोय. म्हणून उजवा बूट दाराजवळच्या झुडपाखाली सरकवला आणि डावा पार तिकडे, कड्याजवळच्या सपाट खडकावर ठेवून आलो.

त्या माळावर बूट चोरणार कोण? सरडा? पण हाताला वळण लागलेलं!

आतल्या गोल खोलीत सावली होती. तळपायांना गार माती लागली आणि काय सांगू, एकदम आठ वर्षांचा झालो. आता बाबा खिशातून भिंग काढतील असंच वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. सॅक उशाला घेतली, म्हटलं पाचच मिनिटं.

जाग आली ती शिट्टीने.

बाहेर येऊन बघतो तर सात-आठ माणसं कड्यावरून खाली वाकून बघतायत. एक रेंजर बाई दुर्बीण लावून उभ्या. मी एका आजींना विचारलं, काय झालं?

"कुणीतरी पडलंय खाली," आजी रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "एकटाच आला होता म्हणे."

मला इतकं वाईट वाटलं! मीही पोटावर पालथा पडून दरीत बघायला लागलो. दोनदा "हॅलोऽऽ" अशी हाकसुद्धा मारली. वर आजींना म्हटलं, "लोक एकटे येतातच कशाला? घरी बायको काळजी करत असेल, याचा विचार नको?"

"अगदी खरं," आजी म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

तेवढ्यात रेंजर बाईंचा फोन लागला. वारा फार, म्हणून स्पीकरवर. "मॅडम, घाबरू नका. तुमच्या मिस्टरांचा एक बूट आम्हाला कड्यावर मिळालाय."

दोन क्षण काहीच आवाज नाही. मग पलीकडून प्रश्न आला, "डावा की उजवा?"

तो आवाज! चौदा वर्षं ऐकतोय मी. पालथा होतो म्हणून बरं, नाहीतर खरोखरच पडलो असतो.

"डावा," रेंजर बाई म्हणाल्या.

"मग उजवा दाराजवळ कशाच्या तरी खाली असेल. आणि माणूस आत सावलीत झोपलेला असेल. माणूस कमी आणि वेंधळा जास्त."

बोलली इंग्रजीतच, पण मला मराठीत ऐकू आलं.

आजींनी सावकाश माझ्या पायांकडे बघितलं. मग रेंजर बाईंनी, मग सगळ्यांनी. मी पायाची बोटं मातीत खुपसून बघितली. किती खुपसणार?

रेंजर बाईंनी फोन माझ्या हातात दिला. मी स्पीकर बंद केला.

"लागलं नाही ना कुठे?" मृणालने विचारलं. आवाज ओला होता.

"नाही गं."

"पहिल्या दोन सेकंदांत माझं काय झालं, ते तुला नाही कळायचं, केदार."

खरंच मान खाली गेली हो. सॉरी म्हटलं. डिसेंबरबद्दल विचारायचं धाडसच झालं नाही. परतीच्या विमानात नुसते बाबा दिसत होते, एसी बसच्या खिडकीतून लांबची देवळं बघणारे.

घरी आलो तर मृणाल म्हणाली, "तिकिटं काढलीत. डिसेंबर. तुम्ही दोघंच जा."

मी उडालोच! "म्हणजे बाबांना मी नेऊ?"

"छे! बाबा तुला नेतायत. मी फोन करून विचारलं त्यांना, झेपेल का म्हणून."

"मग?"

"म्हणाले, आठ वर्षांचा होता तेव्हा सांभाळला. आता अठ्ठेचाळीसचा झालाय, जरा जास्त लक्ष ठेवीन."