पाइपावरचं बेळगाव

आमच्या फणसवाडीच्या चाळीत जिन्याखाली एक कोनाडा होता. मोडकी सायकल, मखराच्या काठ्या, कुणाचा तरी पाळणा... टाकताना कधी कुणी दिसलं नाही, पण कोनाडा कायम भरलेला! किस्से असेच साठतात. आणि एक ओढून काढावा, तर दुसऱ्याचा खिळा हातात घुसतो. हुद्दार मास्तरांचे किस्से तर सगळेच खिळेवाले.

हे मास्तर बेळगावचे. ठाकूरद्वारच्या एका शाळेत कुणाच्या तरी बदली दोन वर्षांसाठी आले आणि आमच्या शेजारच्या खोलीत उतरले. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मुंबई गुजरातसकट एका राज्यात कोंबलेली, बेळगाव म्हैसूरकडे ढकललेलं, आणि आम्ही रोज ‘मुंबईसह, बेळगावसह’ म्हणून बोंबलतोय! संध्याकाळ झाली की मास्तर गॅलरीत उभे राहून आज मुंबई कशी दिसली ते तावातावानं सांगायचे आणि शेवटी एकच टुमणं लावायचे, "मुंबई मिळाली की तुम्ही आम्हाला विसरताय बघा!"

मी सातवीत दोनदा बसलो, दोन्हीदा उठवला गेलो. राज्यांचं मला काय विचारता?

* * *

पहिली ठिणगी सोड्यावरून पडली.

आमच्या चाळीतले विजयकर अण्णा, रिटायर्ड हेडक्लार्क, सात पिढ्यांचे मुंबईकर. मोर्च्यात ‘मुंबई आमची!’ ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. मास्तर आणि मी बरोबर होतो. नाक्यावर येऊन सोडावाल्याला म्हणाले, "भय्या, दो लेमन देना. थंडा मंगता."

सोडावाला साताऱ्याचा! मघाशी मोर्च्यात अण्णांच्या शेजारीच होता. तोही मुकाट म्हणाला, "अभी देता साब."

मास्तर भडकले. "अहो, आत्ता दोघं मिळून मराठीत ओरडत होता की! आणि लेमन मागताना काय झालं?"

अण्णा म्हणाले, "मास्तर, घोषणा वेगळी, व्यवहार वेगळा."

मास्तरांनी लेमन तसंच ठेवलं आणि तडक निघाले. ते मी प्यायलो. तत्त्वासाठी लेमन कशाला फुकट घालवायचं?

* * *

चाळीच्या चौकातल्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा काढायचं ठरलं. काम आमच्या परबाकडे. परब परळच्या गिरणीत कामाला, पण लालबागच्या गणपतीचे देखावे रंगवून हात बसलेला. त्यानं वरून सुरुवात केली. नागपूर झोकात आलं. मुंबई तर एवढी मोठी काढली, की ठाणं घाटावर चढायची वेळ आली! कोल्हापूर जेमतेम बसलं आणि खाली मोरीचा आडवा पाइप लागला.

मास्तर शाळेतून आले. नकाशा वरून खाली बघितला, खालून वर बघितला.

"माझं बेळगाव कुठाय?"

परब म्हणाला, "मास्तरांनू, भिंत संपली मां! थय पाइप इलो."

"पाइप आला म्हणून गाव गाळताय?"

"मग काय गाव मोरीत काढू?"

मास्तरांनी चप्पल काढली, त्याच्या हातातला ब्रश हिसकला, गुडघ्यावर बसले आणि त्या बिडाच्या पाइपावर ऑइलपेंटनं ठसठशीत लिहिलं: बेळगाव. उठताना धोतराला तांबडा रंग. वर बघून म्हणाले, "आता बघू कोण गाळतंय!"

मी म्हटलं, "मास्तर, तो पाइप सकाळी गळतोच."

गळायचाच! वर अण्णांची आंघोळ झाली, की नेमकी बेळगावच्या जोडातून धार लागायची. मी रोज गॅलरीतून बातमी द्यायचो, "मास्तर, बेळगावात पूर! अण्णा केस धुतायत!" शेवटी मास्तरांनीच सिमेंट आणून जोड लिंपला. मी ओरडलो, "सीमाप्रश्न सुटला हो!" अख्खी चाळ हसली. मास्तर सोडून.

* * *

ठाकूरद्वारच्या नाक्यावर सभा झाली. एक पुढारी प्रभादेवीहून आले होते. हात पसरून म्हणाले, "बेळगावच्या बांधवांनो, माझं घर तुमचंच आहे! केव्हाही या!"

टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. गेले एकटे मास्तर! खास गावाहून कुंद्याच्या मिठाईचा डबा मागवला, मला बरोबर घेतलं आणि रविवारी प्रभादेवी गाठली. पुढाऱ्यांनी दार अर्धं उघडलं.

"काय काम काढलंत?"

"काम काही नाही. मी बेळगावचा. तुम्ही या म्हणालात की!"

"हो का? वा वा! हे काय, कुंदा? कशाला उगाच..." म्हणत कुंदा आत गेला. मास्तर बाहेर. दार लावता लावता पुढारी म्हणाले, "या हं कधीतरी निवांत!"

चाळीत शिरल्यावर मास्तरांचा स्फोट! "दारात उभं करून परत या म्हणतात! आमच्याकडं या म्हटलं की पाट मांडतात हो! तुम्ही मुंबईकर सगळ्यांना या म्हणता आणि आला की काम विचारता. तुमचं ते ‘बेळगावसह’सुद्धा असलंच ‘या कधीतरी’ आहे काय?"

मला पहिल्यांदाच राग आला. मास्तरांचा, त्या पुढाऱ्याचा, आणि त्या डब्याचाही. अर्धा माझा होता तो!

शेवटी अण्णा पुढे आले. गळ्याला हात लावून म्हणाले, "मास्तर, गळ्याशपथ सांगतो. बेळगाव आल्याशिवाय राज्याचा पेढा हा विजयकर तोंडात घालणार नाही!"

"नक्की?"

"हेडक्लार्कचा शब्द आहे!"

त्या रात्री मास्तर पोटभर जेवले.

* * *

आणि मिळाली की हो मुंबई! एक मे. घराघरावर कंदील, रस्तोरस्ती गुलाल. बेळगाव राहिलं तिकडेच. चाळीला चुना लावायचा म्हणून घरमालकाला एकदाची लाज आली. त्यानं गळका पाइप तोडून नवा बसवला. परबानं नकाशाला नवा रंग दिला, मुंबईला सोनेरी. खाली नवाकोरा काळा पाइप.

मास्तर दारात उभे. अण्णा गल्लीभर हिंडून तोंड गोड करत आले आणि समोर मास्तर! अण्णांचा गाल फुगलेला.

मास्तरांनी त्या गालाकडे बघितलं.

अण्णांनी तोंडातलं गिळलं. मग खोका पुढे करून म्हणाले, "पेढा नाही मास्तर. बर्फी आहे."

मी गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ लोकांना बनवलं. पण अण्णांसारखा माणूस बघितला नाही!

* * *

शाळेचं काम संपलं होतं. चारच दिवसांत मास्तर निघाले. अण्णा, परब आणि मी, आम्ही तिघं बोरीबंदरला पोचवायला गेलो. वळकटी, ट्रंक आणि पंच्यात घट्ट गुंडाळलेला एक लांबोडा डाग. त्याला मास्तर आम्हाला हात लावू देईनात. हमालानं तो उचलला आणि वाकलाच.

अण्णा ओरडले, "अरे, संभालके उठाव!"

हमाल म्हणाला, "आजोबा, मराठीतच सांगा. लोखंड हाय काय ह्यात?"

मास्तर म्हणाले, "गाव आहे. जपून ने."

"गाव? मग दोन हमाल लागत्याल!"

एरवी असल्या वाक्याला मी टाळी दिली असती. परब फलाटाकडे बघत राहिला. पंच्याच्या एका टोकातून तांबडा ऑइलपेंट दिसत होता, आणि जोडावरचं वाळलेलं सिमेंट.

मास्तरांनी तो डाग बाकाखाली न सारता मांडीवर घेतला. शिटी झाली. गाडी हलली. खिडकीतून वाकून आमच्या तिघांकडे एकेक करून बघत मास्तर म्हणाले, "या की कधीतरी बेळगावला!"

आणि आम्ही तिघं, धावत, हात हलवत, एका सुरात ओरडलो, "येणार मास्तर! नक्की येणार!"