समजलं का?

मी निवृत्त झाल्यावर लेकीनं मला ब्लॉग काढून दिला आणि ती बंगळुरूला निघून गेली. "रिकामी बसू नकोस, आई. विज्ञानाचे पाठ लिही, पोरं कुठूनही वाचतील." वाचत असतीलही. पडेगावच्या घरात बसून मला त्यातलं एकही पोर दिसत नव्हतं.

शाळेत प्रत्येक पाठानंतर मी "समजलं का?" विचारायची आणि अख्खा वर्ग नंदीबैलासारखा मान डोलवायचा. त्या होकारावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. तोंडं बघून कळायचं, कुणाचं गाडं कुठं अडलंय. मग मी पुन्हा फळ्याकडं वळायची. ब्लॉगवर तोंडं कुठली? सवयीनं पाठाखाली "समजलं का?" लिहायची. फार तर एखादा अंगठा यायचा. अंगठ्यावरून काय ओळखणार, कप्पाळ.

मग चंद्रकलांच्या पाठाखाली कुणीतरी नाव न देता लिहिलं, "नाय समजलं."

मला इतका आनंद झाला की गॅसवरचा चहा उतू गेला. सगळा जन्म शिकवण्यात गेला, पण भर वर्गात उठून असं सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. इथं नाव नाही, हसणारं कुणी नाही, म्हणून पोर खरं बोललं. ब्लॉगचा हा गुण मला मानावाच लागला.

मी आकृती काढून पुन्हा समजावलं. उत्तर आलं, "नाय. पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो ना?" घोडं तिथंच पेंड खात होतं. पोर समोर असतं तर हाताला धरून दाखवलं असतं.

शहागंजातून मोसंबी आणली होती. भर दुपारी पडदे ओढले, टेबलावर दिवा लावला, एक मोसंबी हात लांब करून डोक्याच्या जरा वर धरली आणि जागच्या जागी फिरायला लागले. दिवा सूर्य, माझं डोकं पृथ्वी. माझी सावली मोसंबीवर पडत नव्हती, तरी ती कधी कोरभर, कधी अर्धी, कधी पूर्ण उजळत होती. तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आत आली.

"मॅडम, अंधारात काय करायलात? बरं नाय का?"

"शिकवतेय," मी म्हटलं.

तिनं रिकाम्या खोलीवरून नजर फिरवली आणि विरजण घेऊन गेली. मला फार एकटं वाटलं.

तरी मोसंबीचं सगळं लिहून टाकलं. मग ऊठसूट फोन उघडून बघत राहिले. शेवटी उत्तर आलं, "मोसंबी नव्हती. कांदा धरला. समजलं."

"शाब्बास," मी लिहिलं. "अजून काही अडलं तर विचार." ते पोर परत आलं नाही. कशाला येईल? वर्गातल्या पोराला समजलं, तरी दुसऱ्या दिवशी ते त्याच बाकावर येऊन बसायचं. त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

परवा ग्रहणाचा पाठ लिहिताना मनात पाप आलं. एखादं वाक्य मुद्दाम अवघड ठेवावं, म्हणजे कुणीतरी विचारेल. ठेवलंही. मग राहवेना, ते खोडून सोपं केलं आणि खाली नेहमीसारखं लिहिलं, समजलं का?

अजून कुणी काही म्हटलेलं नाही. समजलं असावं.