झुंबरबाईचं रिकामं मनगट

माझी सासू झुंबरबाई म्हणजे एक नंबरची तिखट बाई. अख्ख्या वाटुरात तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. मी तिची थोरली सून कौसल्या. माझीही जीभ काही कमी न्हाई, पण तिच्यापुढं मीसुद्धा गपगार. आता ती न्हाई, म्हणून गोड बोलते असं समजू नका. बाईला समजायचं उशिरा, पण एकदा समजलं की मंग ती कुणाच्या बापाला ऐकायची न्हाई.

माझा धाकटा दीर संपत. त्याची बायको नंदा, अन् त्यांची एकुलती एक लेक सोनी. सोनीला जन्मापासून दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, पायही लुळे. सात वर्षांची झाली तरी पोर बाजेवरच. कुणी उचललं की किंकाळी मारायची, चावायची. सासू, आम्ही सुना तिला आत्याबाई म्हणायचो, ती म्हणायची, "अंगात येतं तिच्या." कसलं अंगात अन् कसलं काय!

शहात्तर साली शाळेवर सत्यशीलाबाई आल्या. परतूरच्या, बौद्ध घरातल्या. सोनीचं नाव शाळेत घालायचं म्हणून घरी आल्त्या. आत्याबाईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं न्हाई. वर म्हणाली, "आंधळ्या-बहिऱ्या पोरीला काय बाराखडी शिकवता? थट्टा लावली का गरिबाची?"

बाई बाजेजवळ खाली बसल्या, हातातलं घड्याळ सोनीच्या बोटांखाली धरलं अन् तसंच धरून ठेवलं. सोनीनं पट्टा चाचपला, काच चाचपली. ओरडली न्हाई.

"तुम्ही तिला न सांगता उचलता," बाई म्हणाल्या. "तुम्हाला झोपेत कुणी असं उचललं तर तुम्ही ओरडणार न्हाई का?"

त्यांच्या मावशीची पोर अशीच होती, तिच्यापायी शिकल्या होत्या त्या. आंघोळीआधी सोनीच्या हातात ओलं फडकं द्यायचं, जेवणाआधी वाटी. अन् जो जवळ जाईल त्यानं आधी आपलं मनगट तिच्या हातात द्यायचं. बाईंचं घड्याळ, माझं चांदीचं कडं, नंदाच्या काचेच्या बांगड्या. आत्याबाई तरुणपणीच विधवा झाल्ती, तिचं मनगट रिकामं. तीच तिची खूण.

पहिल्यांदा आम्ही हसलो. पण सोनीचं चावणं बंद झालं. एक दिवस नंदानं हातात वाटी दिली अन् पोरीनं आपणहून तोंड उघडलं. आत्याबाई बघतच राह्यली. दुसऱ्या दिवशी तिनंच नातीला पाठुंगळी घेतलं अन् शाळेत नेऊन बसवलं. तिथं सोनी बाईंजवळ पोत्यावर बसायची, चिंचोके एका डब्यात अन् मक्याचे दाणे दुसऱ्या डब्यात टाकायची. चूक झाली की स्वतःच काढायची, लबाड! पुढं पुढं तर रिकामं मनगट हाताला लागलं की दोन्ही हात वर करायची. आजी आली, चला शाळेत. अन् सत्यशीलाबाईंना आमच्या घरातल्या कपात चहा मिळायला लागला.

मंग संपतला शेतात साप चावला. दवाखान्यात न्यायच्या आधीच गेला.

बायका जमल्या. नंदाचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. "रीत हाय ती, जल्दी करा," असं आत्याबाईच म्हणाली, पोटचा पोर गेलेला असताना. मला तिचा फार राग आल्ता.

संध्याकाळी नंदा वाटी घेऊन सोनीजवळ गेली, मनगट पुढं केलं. सोनीनं ते चाचपलं अन् दोन्ही हात वर केले. तिला वाटलं, आजी आली. नंदानं हातात वाटी दिली, तर तिनं ती फेकली. मंग ती बाजेवर, भिंतीवर हात फिरवून बांगड्या हुडकायला लागली. नंदा तिथंच बसून हंबरडा फोडून रडली, अन् लेकीला त्याचा पत्ताच न्हाई. माझं तर काळीज फाटलं.

दोन दिवस सोनीनं घोटभर पाण्याशिवाय काही घेतलं न्हाई. पोर सुकून गेली. बाई आल्या, त्यांनीही करून बघितलं. शेवटी म्हणाल्या, "आईची नवी खूण शिकवता येईल, पण वेळ लागेल. तोवर तिच्या लेखी आई गेलीच."

आत्याबाई चुलीपाशी बसून हे ऐकून राह्यली होती. उठली, डोक्यावर पदर घेतला अन् बाहेर गेली. परत आली ती कासाराकडून हिरव्या बांगड्या घेऊन.

"नगं, आत्याबाई," नंदा मागं सरकली. "लोक काय म्हणतील?"

माझा नवराही पुढं झाला. "आई, सुतकात बांगड्या? गावात तोंड दाखवायची सोय ठेवशील का न्हाई?"

"तू गप बस, रामकिसन! लेकराचा बाप देवानं नेला. आई मी तोडली. मीच जोडणार. ज्याला बोलायचं त्यानं माझ्यासमोर येऊन बोलावं."

तिनं नंदाचा हात ओढून मांडीवर घेतला अन् एकेक बांगडी चढवली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मीही रडले, लाज कशाची?

नंदानं मनगट सोनीच्या हातात दिलं. पोरीनं बांगड्या वरखाली केल्या, परत केल्या. मंग आईचा हात गालाला घट्ट दाबून धरला अन् तोंड उघडलं. वाटीभर दूध-भाकर खाल्ली.

तोंड पुसून झालं तेव्हा आत्याबाईनं आपलं रिकामं मनगट पुढं केलं.

सोनीनं दोन्ही हात वर केले.

"व्हय माय, चाल," आत्याबाई म्हणाली अन् पाठ करून तिच्यापुढं खाली बसली. "साळंला उशीर झाला."